मुलाच्या चालीनं एक दिवस

हे मनन रात्री वाचायचं आहे, मुलं झोपल्यावर. ओटा आवरून झाला नसेल, दुधाला विरजण लावायचं राहिलं असेल, तरी पंधरा-वीस मिनिटं ते तसंच राहू द्या. घरात दोन-चार वर्षांचं मूल असेल तर त्याच्या अंथरुणाशेजारी बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. एक परिच्छेद वाचा, थांबा, मग पुढच्याकडे वळा. घाईघाईनं वाचलंत तर यात फारसं काही सापडणार नाही.

आधी जागा डोळ्यांपुढे आणू. देवास जिल्ह्यातलं पीपलरावां. सोनकच्छच्या बाजूचं, काळ्या जमिनीचं गाव. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू आणि हरभरा. 1728च्या सुमारास तुकोजीराव आणि जिवाजीराव या पवार बंधूंनी देवासला आपलं बस्तान बसवलं आणि त्यांच्या मागोमाग मराठी घरं माळव्याच्या पठारावर नांदू लागली. अशा घरात उंबऱ्याच्या आत आजी मराठीत रागावते आणि अंगणात उतरलेलं नातवंड माळवीत उत्तर देतं. त्या अंगणात तुम्ही बसला आहात असं समजा. तुमचं स्वतःचं घर पुण्यात असो, पणजीत असो की सातासमुद्रापार, लहान मूल असलेल्या घराचा दिवस सगळीकडे एकाच वळणाचा. उठवायचं, न्हाऊ घालायचं, भरवायचं, खेळू द्यायचं, झोपवायचं. उद्या पुन्हा तेच.

हे जे ‘पुन्हा तेच’ आहे, त्यावर आज मन ठेवायचं.

श्वास

झोपलेल्या मुलाकडे बघा. त्याचं पोट वर येतं, खाली जातं. मोठं माणूस शांत बसलेलं असताना मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतं. लहान मुलाचा श्वास त्याहून जलद चालतो, झोपेतसुद्धा. त्याच्या श्वासाशी आपला श्वास जुळवायला जाऊ नका, दमून जाल. नुसतं बघत राहा.

त्याच्या शरीराची लय वेगळी आणि तुमच्या शरीराची वेगळी. ही लहानशी गोष्ट दिवसभरात किती वेळा ध्यानात राहते? श्वास त्याचा जलद, पण चाल त्याची सावकाश. रस्त्यानं जाताना ते मुंगीपाशी थांबतं, दगड उचलतं, मागे जाऊन दुसरा दगड उचलतं. आपण त्याचं बोट धरून त्याला आपल्या चालीत ओढत नेतो. ओढल्यावाचून निभत नाही, हेही खरं आहे. बस सुटते, दूध उतू जातं, कामाची वेळ होते. म्हणून इथे कुणालाच दोष द्यायचा नाही. आज किती वेळा ओढलं आणि त्यातलं किती वेळा खरोखर गरजेचं होतं, एवढंच मनाशी आठवायचं.

इथे थांबा. आठवू द्या.

बटण

सकाळचा एक क्षण जवळून बघू. तीन वर्षांचं मूल शर्टाचं बटण लावतंय. डाव्या हाताच्या दोन बोटांत काज धरलंय, उजव्या अंगठ्यानं बटण ढकलतंय. बटण अर्धं आत जातं आणि निसटतं. जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली. पुन्हा ढकलणं, पुन्हा निसटणं. तुम्ही दारात उभे, हातात पिशवी, पायात चपला. तुमचा हात पुढे होतो आणि दोन सेकंदांत बटण लागतं. मूल तुमच्याकडे बघतं, भोकाड पसरतं, बटण काढून टाकतं आणि पहिल्यापासून सुरू करतं.

आपल्या लेखी ते काम झालेलं होतं. त्याच्या लेखी ते काम हिरावून घेतलं होतं. त्याला बटण लागलेलं नको होतं, त्याला बटण लावायचं होतं. मोठ्या माणसाच्या दिवसात कामं संपवायची असतात. मुलाच्या दिवसात कामं करायची असतात, आणि जमलं की लगेच पुन्हा करायची असतात. जिना चढला की उतरायचं, उतरला की चढायचं. त्यात त्याला कंटाळा नाही. कंटाळा येतो तो खाली उभ्या असलेल्या आपल्याला.

उद्याचं एक बटण मनात धरा. तुमच्या घरी ते बटण नसेल, चपलेचा पट्टा असेल, दात घासणं असेल, स्वतःच्या हातानं पेल्यात पाणी ओतणं असेल. ते पूर्ण होईपर्यंत तुमचे दोन्ही हात तुमच्याजवळच आहेत, असं चित्र बघा. किती कठीण जातं तेही बघा.

घास

माळव्यात रविवार म्हणजे दाल-बाफले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, मग फोडून तुपात बुडवायचे. झटपट होणारा हा स्वयंपाक नव्हे. बाफला मुलाच्या ताटात आला की आजी तो तळहातानं कुस्करते, त्यावर डाळ घालते, बोटांनी मऊ करते, फुंकर मारते. मग काऊचा घास, चिऊचा घास, मामाचा घास. भरवताना आजी आपलं स्वतःचंही तोंड थोडं उघडते. तिला ते ठाऊकही नसतं.

याच जागी आता बऱ्याच घरांत मोबाइल आला आहे. त्यावर चित्रं हलतात, मूल तोंड उघडं ठेवून बघत राहतं, घास आत जातात. जेवण लवकर होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शन दिलं. एक वर्षाच्या आत पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एका तासाहून जास्त नको, त्याहून कमी तर बरंच, असं त्यात म्हटलं आहे. आकडा लक्षात राहिला नाही तरी चालेल. मोबाइल समोर असताना घास कोण भरवतंय हे मुलाला कळतच नाही, ही गोष्ट लक्षात ठेवा. त्याला चव कळत नाही, पोट भरल्याचंही उशिरा कळतं.

आज भरवलेला एक घास आठवा. तेव्हा त्याचे डोळे कुठे होते? आणि तुमचे?

माती

आता अंगणात या. पहिला पाऊस पडून गेलाय. उन्हाळाभर भेगाळलेली काळी जमीन फुगून मऊ झाली आहे आणि चपलेला सोडत नाही. मूल उकिडवं बसून दोन्ही हातांनी चिखल थापतंय. कोपरापर्यंत काळं. तुम्ही दारातून हाक मारता, एकदा, दोनदा, मग आवाज चढवून.

त्या हाकेआधी क्षणभर त्या मातीकडे बघा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरांवर थर साचले. आपला सह्याद्री त्यातूनच झाला आणि माळव्याचं पठारही. तो बेसाल्ट झिजून ही काळी माती झाली. बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात की ज्या खोल, तप्त जागेवर तेव्हा आपला भूभाग होता ती जागा जवळपास तिथेच राहिली आणि भारत मात्र उत्तरेकडे सरकत गेला. मागे राहिलेल्या समुद्रात त्याच जागेच्या उष्णतेनं पुढे लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या तळाचे डोंगर उभे केले. गेल्या कोटभर वर्षांत तिनं मॉरिशस वर काढलं, मग रियुनियन. रियुनियनचा ज्वालामुखी आजही जागा आहे.

म्हणजे पीपलरावांच्या अंगणातली माती आणि हिंदी महासागरातल्या त्या बेटांचा दगड एकाच कुळातले. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला 20 अंशांवर, पीपलरावां उत्तरेला 23 अंशांवर. दोन्ही ठिकाणं उष्ण कटिबंधातली. जूनअखेरीला पीपलरावांच्या भर दुपारी मुलाची सावली जवळपास त्याच्या पायांखालीच गोळा होते.

मॉरिशसलाही मराठी घरं आहेत. 1834पासून करारानं बांधलेले मजूर भारतातून तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले जाऊ लागले, आणि पुढच्या वर्षांत मुंबई बंदरातून कोकणातली माणसंही गेली. त्यांच्या पणतवंडा-खापरपणतवंडांच्या तोंडी आज बहुतेक क्रिओल आहे, मराठी शाळेत विषय म्हणून शिकायला मिळते, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या बेटाला सुट्टी असते. घोड्यांवरून उत्तरेला आलेली मराठी घरं इथली, जहाजातून दक्षिणेला गेलेली तिथली. त्या बेटावरही या घटकेला कुणी लहान मूल किनाऱ्यावर ओल्या वाळूचे गोळे थापत असेल आणि कुणी आई टॉवेल हातात धरून तिसऱ्यांदा हाक मारत असेल. तिची हाक मनात ऐका. ती आणि तुम्ही एकमेकींना कधी भेटणार नाही. तिला आलेला कंटाळा मात्र तुम्हाला नेमका ठाऊक आहे.

त्या मातीला कोटी वर्षं लागली. मुलाला अजून पाच मिनिटं हवी आहेत. देता येतील का, एवढंच बघा. कधी येतील, कधी नाही.

पाणी

मग बादली. कोमट पाण्यात चार हात, दोन तुमचे, दोन त्याचे. त्याच्या बोटांच्या बेचक्यांतून काळं पाणी निघतं, नखांच्या कडेला एक रेघ राहते, ती अंगठ्यानं चोळावी लागते. पाणी मोरीतून बाहेर जातं. या भागाचं पाणी उत्तरेकडे वाहतं. ओढ्यांतून काली सिंधला, तिथून चंबळ, चंबळेतून यमुना, यमुनेतून गंगा, शेवटी बंगालचा उपसागर. समुद्र न पाहिलेल्या मुलाचे हात धुतलेलं पाणी समुद्राच्या वाटेला लागतं.

हात पुसताना घाई करू नका. मूल अगदी तान्हं होतं तेव्हा तुमचा चेहरा त्याला वीत-दीड वीत अंतरावरूनच नीट दिसत होता. मांडीवरच्या बाळापासून आईच्या चेहऱ्याचं अंतर साधारण तेवढंच असतं. आज टॉवेल हातात घेतल्यावर चेहरा पुन्हा तेवढा जवळ आणा. ते हसेल किंवा तोंड फिरवेल. दोन्ही चालेल.

झोप

जुन्या लोकांनी बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र वाखाणली. पठार उंचावर असल्यानं उन्हाळ्यातही इथे रात्री हवा गार होते. मूल अंथरुणावर आलं की गोष्ट मागतं, आणि कालचीच मागतं. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. तुम्ही कंटाळून मधलं काही गाळलंत तर ते तुम्हाला अडवतं आणि मागे नेतं. पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक आहे, आणि त्या ठाऊक असण्यातच त्याला झोप येते. दिवसभर नवनव्या गोष्टींशी झटल्यावर रात्री त्याला न बदलणारं काही तरी हवं असतं.

याच देवासला 1948मध्ये कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन राहायला आले. हवा कोरडी म्हणून. विशीतला, नाव झालेला गायक, आणि डॉक्टरांनी गाण्याची मनाई केलेली. काही वर्षं ते गायले नाहीत. त्या काळात त्यांनी ऐकलं. माळव्याच्या बायांची घरातली, सणावारांची, पिढ्यान्‌पिढ्या तीच ती म्हटली जाणारी गाणी. बरे होऊन ते पुन्हा गाऊ लागले तेव्हा त्या लोकधुनांतून त्यांना नवे राग सापडले. त्यांना ते धुनउगम म्हणत. रोज कानांवर पडणाऱ्या गोष्टीत इतकं होतं. ते दिसायला सक्तीनं थांबावं लागलं.

आपल्याला आजारी पडून थांबायची गरज नाही. घरातलं लहान मूल रोज पाच-सहा वेळा आपल्याला थांबवायचा प्रयत्न करतंच. त्यातल्या एखाद्या वेळी ऐकावं.

आता वाचणं थांबवा आणि शेवटचं एवढं करा. उद्याच्या दिवसातलं एकच काम निवडा. बटण, घास, चिखल, टॉवेल किंवा गोष्ट, यांतलं कुठलंही. ते काम मुलाच्या चालीनं पूर्ण करायचं. बाकीचा दिवस नेहमीसारखा घाईतच जाईल, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. सगळा दिवस सावकाश करू पाहणारे तिसऱ्या दिवशी सोडून देतात, एकच काम करणाऱ्यांना ते निभावता येतं. कुठलं काम निवडलं ते घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे उद्या त्या वेळी तुम्हाला कुणी हाक मारणार नाही.