विष: पदार्थ की व्याप्ती?

गंगापूर तालुक्यात गोदावरी-प्रवरा संगमाजवळ वसलेल्या कायगावाचे नाव लोकसमजुतीने समुद्रमंथनाशी जोडलेले आहे. नदीपलीकडच्या नेवाशात मोहिनीरूप विष्णूने अमृत वाटले, देवांच्या पंगतीत चोरून बसलेल्या राहूचे शिर उडून राहुरीस पडले आणि काया इकडे, अशी ती कथा आहे. व्युत्पत्ती म्हणून ती टिकणे कठीण. तत्त्व म्हणून मात्र ती मोलाची आहे. पुराणकथेनुसार अमृत राहूच्या घशाखाली उतरले नाही, म्हणून शिर अमर झाले आणि काया मेली. त्याच मंथनातले हलाहल शिवाने कंठातच रोखले, म्हणून ते मारक ठरले नाही. अमृत असो वा विष, जे अंगभर पसरत नाही ते आपले काम करीत नाही.

‘विष’ हा शब्दही हेच सांगतो. तो ‘विष्’ म्हणजे व्यापणे या धातूपासून आला असे परंपरा मानते, आणि ‘विष्णू’ हे नावही पुष्कळ भाष्यकार त्याच धातूकडे नेतात. निघंटूत, म्हणजे वैदिक शब्दांच्या प्राचीन संग्रहात, पाण्याच्या नावांमध्ये ‘विष’ आणि ‘अमृत’ हे दोन्ही शब्द येतात. चरकसंहितेची वाट वेगळी आहे: अमृतासाठी चाललेल्या मंथनातून निघालेल्या त्या भयंकर पुरुषाला पाहून जग विषण्ण झाले, म्हणून त्याला विष म्हटले गेले. व्याकरणाच्या कसोटीवर ही फोड लंगडी असली, तरी भयाचे वर्णन म्हणून ती नेमकी आहे.

अगदतंत्र, म्हणजे आयुर्वेदाची विषचिकित्सेची शाखा, विषाला स्वभावतःच दुष्ट मानत नाही. योग्य योजनेने तीक्ष्ण विषही उत्तम औषध होते आणि चुकीच्या योजनेने औषधही विष होते, असे चरकाने स्पष्ट म्हटले आहे. बचनाग ही विषारी मुळी शोधन, म्हणजे शुद्धी, करूनच वापरण्याचा प्रघात याच विचारातला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे, तर राजस सुख याच्या उलट सांगितले आहे. गीतेवरची टीका ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवाशातच सिद्ध झाली. या सर्व विचारांत निर्णय पदार्थाच्या नावावर होत नाही, परिणामावर होतो.

तरीही नाव निरुपद्रवी नसते. कपाशीवर कीटकनाशक मारणारा शेतकरी आजही ‘औषध फवारले’ असेच म्हणतो, मग डब्यावरच्या लाल त्रिकोणाशेजारी कवटीचे चित्र आणि ‘विष’ ही अक्षरे छापलेली का असेनात. चरकाच्या वचनातली योजनेची अट गळून पडली आणि उरला तो फक्त शब्द; विषाला औषध म्हणण्याची ही मुभा चरकाने दिलेली नाही.