रोहिणीचे पाणी आणि तापणारी धरती





मागच्या रविवारी वंदनेनंतर बालवर्गातल्या एका मुलीने मला विचारले, "काका, आपण विमानाने दीक्षाभूमीला जातो. त्या धुराने गावाकडचे ऊन वाढते. मग ही चोरी झाली का?" तिने नुकतेच दुसरे शील पाठ केले होते: जे दिलेले नाही ते घेणार नाही. काही मोठी माणसे हसली. मला हसू आले नाही.

तथागतांनी शिकवले की दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले की दुःख दूर होते. पृथ्वीच्या तापाकडेही तसेच पाहू. कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड हवेत साठतो आणि जमिनीवरून परत जाणारी उष्णता अडवतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 280 भाग होता. आज 420 च्या वर आहे. त्या काळाच्या तुलनेत 1.5 अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष म्हणजे 2024. यात दैवाचा कोप शोधू नये. कारण आहे म्हणून परिणाम आहे, हाच प्रतीत्यसमुत्पाद.

या कारणात आपण राहतो त्या ब्रिटनचाही वाटा आहे. 1882 साली लंडनच्या हॉलबर्न भागात कोळशाचे वीजघर सुरू झाले. देशातले शेवटचे कोळशाचे वीजघर 30 सप्टेंबर 2024 रोजी बंद झाले. वीजघर बंद झाले, पण आधी सोडलेल्या वायूचा मोठा भाग शतकानुशतके हवेत राहतो.

19 जुलै 2022 आठवतो ना? इंग्लंडमध्ये पारा 40.3 अंशांवर गेला. आपल्यातल्या अनेकांनी पडदे ओढून घरून काम केले. मराठवाडा-विदर्भात मे महिन्यात असा पारा नेहमीचाच. तिथल्या शेतमजूर बाईला घरून काम करता येत नाही.

गरम हवा बाष्प जास्त धरते, दर अंशाला सुमारे 7 टक्के. म्हणून पाऊस आला की एकदम कोसळतो. पीक वाहून गेले तर शेतमालकाला थोडीफार भरपाई मिळते. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची मजुरी बुडते आणि पंचनाम्यात त्याचे नावही येत नाही. आपली कितीतरी माणसे याच रांगेत उभी आहेत.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद सांगितला आहे. शाक्य आणि कोलीय दोघेही त्याच नदीवर शेती करत. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हाही प्रश्न तोच होता: जे सर्वांचे आहे त्यावर हक्क कोणाचा? आज हवा ही आपली रोहिणी आहे.

आता त्या मुलीचे उत्तर. लंडन-मुंबई जाऊन-येऊन एका प्रवाशामागे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड सुटतो. सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षभरात येतो सुमारे दोन टन. मी तिला म्हणालो, "बाळा, माहीत नव्हते तोवर ते अज्ञान होते. आता कळले, म्हणजे जबाबदारी आली." आजारी आईला भेटायला जाणे ही गरज. स्वस्त तिकीट दिसले म्हणून दोन दिवस फिरून येणे ही तृष्णा. यांच्यातली रेषा ज्याने त्याने प्रामाणिकपणे ओढावी.

पण धम्म एकट्याच्या शुद्धीपुरता नाही, हे बाबासाहेबांनी आपल्याला शिकवले. 2022 साली शर्म अल-शेखच्या हवामान परिषदेत गरीब देशांच्या हानीसाठी निधी उभारायचे ठरले. त्यात ब्रिटन किती देतो आणि ते भूमिहीनांपर्यंत पोहोचते का, हे आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा. आपल्या पेन्शनचे पैसे तेल कंपन्यांत गुंतले आहेत का, हेही विचारा. पुढच्या रविवारी विहारात पत्राचा मसुदा ठेवलेला असेल.

मुलीने मला लगेच दुसरा प्रश्न विचारला, "मग काका, तुम्ही काय सोडणार?" या वर्षी मी दोनदा भारतात जाणार होतो. आता एकदाच जाईन आणि जास्त दिवस राहीन. तुम्हीही आपले उत्तर तयार ठेवा; ती सगळ्यांना विचारणार आहे.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम!