मार्चअखेरचं विज्ञान

संशोधनावर सरकार किती खर्च करतं, याची चर्चा आपल्याकडे अर्थसंकल्पाच्या आठवड्यात सुरू होते आणि त्याच आठवड्यात विरते. आकडा आता पाठ झालाय: सरकारी आणि खासगी मिळून जीडीपीच्या ०.६४ टक्के. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. आकडा लाजिरवाणा आहेच. पण मंजूर झालेला पैसा प्रयोगशाळेत कोणत्या वाटेनं आणि कोणत्या महिन्यात पोचतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

होमी भाभांनी मार्च १९४४मध्ये टाटा ट्रस्टला पत्र लिहिलं आणि पुढच्याच वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) उभी राहिली. पुढे तिचा मुख्य भार केंद्र सरकारनं, अणुऊर्जा खात्यामार्फत उचलला. रीत साधी होती: माणूस पारखून घ्यायचा, संस्थेला दरवर्षी अनुदान द्यायचं आणि खिळ्या-स्क्रूचा जाब विचारत बसायचं नाही. या रीतीचं फळ नारायणगावजवळ खोडदच्या माळावर बघायला मिळतं. टीआयएफआरचे गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथं रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारल्या. भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या दोरांवर तारेची जाळी बसवली, त्यामुळे वजन घटलं, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्च आटोक्यात राहिला. ऐंशीच्या दशकात कागदावर आलेली ही दुर्बीण जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना खुली व्हायला २००२ उजाडलं. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे बसलंच नसतं.

पण या रीतीची किंमत विद्यापीठांनी मोजली. भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांचा आक्षेप नेमका तोच होता: संशोधन विद्यार्थ्यांपासून तोडून वेगळ्या संस्थांत नेलं, तर विद्यापीठं कोरडी पडतील. वाद भाभा जिंकले. साहांचं म्हणणं मात्र आजही कुठल्याही राज्य विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात गेलं की पटतं.

तिथल्या प्राध्यापकासाठी उरतो प्रकल्प. प्रस्ताव पाठवायचा, महिनोन्‌महिने वाट बघायची. पहिला हप्ता येईपर्यंत वर्ष निम्मं सरलेलं. मग खरेदी. अगदी काल-परवापर्यंत अभिकर्मकसुद्धा सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून, एल-वनच्या नियमानं. म्हणजे सर्वांत स्वस्त देईल त्याच्याकडून. शुद्धतेत किंचित फरक पडला तरी महिन्याभराचं काम वाया जातं, पण ते निविदेच्या रकान्यात दिसत नाही. तेवढ्यात ३१ मार्च येतो. उरलेली रक्कम परत. मग पैसा कुठं खर्च झाला ते सांगणारं उपयोगिता प्रमाणपत्र, त्यावर लेखापरीक्षकाची सही, आणि ते वर पोचून मान्य झालं की दुसरा हप्ता. या मधल्या काळात ज्या पोराची महिना ३७ हजारांची फेलोशिप अडकते, त्याची खोलीभाडं देण्याची तारीख कुणी पुढे ढकलत नाही.

जून २०२५मध्ये केंद्रानं काही गाठी सोडवल्या. केंद्राच्या संशोधन संस्थांचे प्रमुख आणि कुलगुरू आता जेमबाहेर खरेदी करू शकतात आणि कोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली. चांगलंच झालं. इतकी वर्षं का लागली, ते विचारून आता उपयोग नाही.

मोठे निर्णय दोन. २०२३च्या कायद्यानं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं. पाच वर्षांत ५० हजार कोटी, त्यातले सरकारचे १४ हजार. बाकीचे ३६ हजार कोटी उद्योग आणि दात्यांकडून येतील, असं गृहीत आहे. दुसरा, २०२५चा एक लाख कोटींचा निधी: खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचं, कमी किंवा शून्य व्याजाचं कर्ज अथवा भांडवल. पण तो प्रयोगशाळेत सिद्ध होऊन पुढं आलेल्या तंत्रज्ञानासाठी आहे. त्याआधीच्या, काय हाती लागेल हे कुणालाच ठाऊक नसलेल्या टप्प्याचा खर्च पुन्हा त्या १४ हजार कोटींतूनच निघणार. कारखानदार ज्या कामातून दहा वर्षांत काही दिसत नाही त्यासाठी पैसे देत नाही, आणि त्याला दोषही देता येत नाही. ते काम सरकारचंच.

हिशेब हवाच, पैसा लोकांचा आहे. पण प्रकल्पाची शिल्लक पुढच्या वर्षी वापरता आली आणि फेलोशिप प्रमाणपत्राच्या साखळीतून वेगळी काढून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात दरमहा गेली, तर एक रुपयाही न वाढवता राज्य विद्यापीठांतलं बरंच काम हलेल. त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. वित्त विभागाचं एक परिपत्रक पुरेल.