जिवाणी

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत नातवाच्या हट्टापायी आमच्या बेळगावच्या घरी काचेची पेटी आली. चार फूट लांब, आणि तीत सहा रेनबो मासे. पुढचं अर्धं अंग निळं, मागचं नारिंगी. सकाळचं ऊन आलं की नर एकमेकांसमोर रंग फुलवतात. मी बघत राहते आणि तिकडे दूध उतू जातं, खोटं कशाला सांगू?

एकदा मंदिरात शेजारीण म्हणाली, "काय हो काकू, पाणी गाळून पिता आणि मासे कोंडून ठेवता?" मला उत्तर सुचलं नाही. मुलाकडे मात्र तयार होतं. "आई, आपण त्यांना खातोय थोडंच? तळ्यात असते तर मोठ्या माशानं कधीच गिळलं असतं." खरं आहे. पण अहिंसाणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितलेत, त्यांत मारणं आहे, उपाशी ठेवणं आहे, तसं बांधणंही आहे. पोटभर खायला घातलं म्हणून बांधणं मिटतं का?

आणि खायला तरी काय घालते? आमच्यासारखंच त्यांचंही जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, याचं मला कोण कौतुक! एक दिवस चष्मा लावून डबी वाचली. पहिलंच नाव माशांच्या भुकटीचं. तेव्हापासून उकडलेला वाटाणा चुरून देते, पण नुसत्या वाटाण्यावर त्यांचं भागत नाही. डबी उघडावीच लागते.

"मग किल्ल्याच्या तलावात सोडूया," नातू म्हणाला. तेव्हा मला आजी आठवली. चिकोडीकडच्या आमच्या आजोळी विहिरीचं पाणी गाळलं की गाळण्यात राहिलेले जीव, म्हणजे जिवाणी, ती परत विहिरीत पोचवायची. वरून ओतायची नाही, जीव आपटून मरतात. बादलीतून अलगद पाण्यापर्यंत सोडायची. आणि ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगत नाहीत.

या माशांची विहीर कुठली? इंडोनेशियात, नैऋत्य पापुआतली अयामारू तळी. 1980 मध्ये शास्त्रज्ञांनी या जातीला नाव दिलं. आज तिथंच ती धोक्यात आहे. दुकानात येतात ते बहुतेक मासे टाक्यांतच जन्मलेले. आमच्या सहांनी तळं कधी पाहिलंही नसेल. किल्ल्याच्या तलावात सोडले तर बहुधा मरतील. तगलेच तर तिथल्या जिवांच्या तोंडचा घास घेतील. त्यात सुटका माझी होईल, त्यांची नाही.

म्हणून ठरवलं, यांना शेवटपर्यंत नीट सांभाळायचं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं, उड्या मारतात म्हणून झाकण लावायचं, आणि नवा मासा आणायचा नाही. मनाला बरं वाटलं.

गेल्या महिन्यात एक मासा गेला. हे कळपानं राहणारे जीव. एकटा पडला की कोपऱ्यात लपून बसतो. शेवटी एकच उरेल, तेव्हा नातू म्हणेल, "आजी, त्याला सोबती आणूया ना."

एकाच्या सोबतीसाठी दुसऱ्याला कोंडायचं, की माझा नेम पाळायला त्याला एकटं ठेवायचं? आजीच्या विहिरीला तळ दिसायचा. माझ्या या पेटीला, इतकी पारदर्शक असूनही, अजून दिसत नाही.