मोल वस्तूचे की गरजेचे?



सज्जनहो, गेल्या वैशाखात नातवाने छपराखालची जुनी सायकल बाहेर काढली, पुसली आणि मला विचारले, "आबा, ही विकली तर किती येतील?" प्रश्न साधा होता. पण उत्तर द्यायला मला दोन महिने लागले, आणि ते शोधता शोधता पन्नास वर्षांपूर्वीचा एक हिशेब उघडा पडला. तो आज आपल्यापुढे मांडतो. चुकले असेन तर वडीलधाऱ्यांनी कान धरावा.

ही सायकल रॅले कंपनीची, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची. कॅरिअरला वीणा आणि टाळांची पिशवी बांधून मी वडवणीहून चिंचवण, उपळी, तेलगाव, पार माजलगावापर्यंत हिच्यावर कीर्तनाला जात असे. बालाघाटाचा चढ आला की उतरून ढकलायची, उतार आला की हरिनाम घेत सोडून द्यायची. पुढे मोटारसायकली आल्या, लोक न्यायला जीप पाठवू लागले, आणि सायकल छपराखाली गेली.

आम्ही तीन ठिकाणी किंमत विचारली. भंगारवाल्याने काट्यावर टाकली. वीस किलोला थोडी कमी भरली. लोखंडाच्या भावाने तो पाचशेच्या आतच बोलला. गावातल्या सायकल मिस्त्रीने चाके फिरवून पाहिली आणि म्हणाला, "टायर-ट्यूब टाकून दिली तर शेतावर जायला कोणीतरी दीड हजाराला घेईल." तिसरा पुण्याचा एक शौकीन. नातवाने त्याला फोटो पाठवले. त्याने कळवले, "वस्तू असल असेल तर वीस हजारांपर्यंत देईन."

पाचशे, दीड हजार आणि वीस हजार. सायकल एकच. मग खोटे कोण बोलले? विचार केला तर कोणीच नाही. भंगारवाल्याने लोखंड पाहिले, मिस्त्रीने चालणारे वाहन पाहिले, शौकिनाने दुर्मीळ झालेली वस्तू पाहिली. अशा वस्तू जपणारी माणसे आता आपल्याकडेही आहेत. पुण्यात कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी तर जुन्या सायकलींचे संग्रहालयच उभे केले आहे. वस्तू कोणाच्या कोणत्या कामी येते, त्यावर तिचे मोल बदलते. यात अधर्म नाही. अधर्म कोठून सुरू होतो, ते पुढे सांगतो.

तो शौकीन एक दिवस स्वतः वडवणीला आला. त्याने केलेली परीक्षा पाहण्यासारखी होती. आधी त्याने पुढचा बिल्ला आणि चौकटीवर ठोकलेला नंबर पाहिला. कारण इंग्लंडात घडलेली रॅले वेगळी आणि पुढे आपल्याकडे आसनसोलला निघालेल्या सेन-रॅले कारखान्याची वेगळी. आसनसोलची सायकलही मजबूत, पण शौकिनाच्या बाजारात दोघींचा भाव एक नाही, आणि काही लोक एकीचा बिल्ला काढून दुसरीला लावतात. मग त्याने पॅडलचे चक्र पाहिले. त्यात बगळ्याच्या डोक्याची नक्षी कापलेली आहे. ती रॅलेची खूण. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचे तीन वेगांचे हब आहे. त्याच्या कवचावर साल ठोकलेले असते. त्याने तेल-मातीचा थर पुसला तर खाली 51 हा आकडा निघाला, म्हणजे 1951. तो म्हणाला, "एवढ्यावरून सायकलीचे साल नक्की धरू नये. चाक बदललेले असले तर साल चाकाचे, सायकलीचे नाही. चौकटीच्या नंबराशी मेळ बसला पाहिजे." ब्रूक्सचे चामडी सीट तडकलेले होते, पण मूळचे होते. ब्रेकच्या सळ्या मूळच्या, चेनकव्हर मूळचे, दिवा मात्र नंतरचा. रंग जागोजाग उडालेला. नातू म्हणाला, "रंगवून घेतली असती तर बरे झाले असते." त्यावर तो हसला. "रंगवली असती तर भाव उतरला असता. मूळचा उडालेला रंग नव्या चकचकीत रंगापेक्षा मोलाचा. आणि एक लक्षात ठेव, लोक मोबाइलवर मागतात ती किंमत धरायची नाही. कोणी खरोखर मोजून दिली, ती किंमत."

मला गोरोबाकाकांची आठवण झाली. त्यांनी थापटणे हातात घेतले, तेव्हा संतमंडळीत कोणते मडके पक्के आणि कोणते कच्चे एवढेच पाहिले. समोरचा कोण, किती मोठा, याचा विचार थापटण्याला नसतो. नामदेवराय कच्चे ठरले ते मानाने लहान म्हणून नव्हे, आणि म्हणूनच ती परीक्षा त्यांच्या कल्याणाची झाली. परीक्षा करावी ती वस्तूची.

व्यवहार ठरत आला. तेव्हा मी सांगितले, "पुढचा चिमटा एकदा मोडला होता. वेल्डिंग केलेला आहे. रंगाखाली दिसत नाही, पण आहे." नातवाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. शौकिनाने वाकून चिमटा निरखला, हात फिरवला आणि म्हणाला, "महाराज, अठरा देतो." दोन हजार गेले. नातू रात्री जेवताना म्हणाला, "आबा, त्याने विचारलेही नव्हते." मी म्हणालो, "बाळा, जे त्याला दिसत नाही आणि मला ठाऊक आहे, ते झाकून घेतलेले दोन हजार सायकलीचे नसतात. ते त्याच्या अज्ञानाचे असतात."

वाक्य तोंडातून गेले, आणि घास हातातच राहिला. कारण ही सायकल माझ्याकडे कशी आली, ते मला आठवले.

1972 चे साल. त्या दुष्काळाची कथा आपल्या भागातल्या जुन्या माणसांना सांगायला नको. विहिरी तळाला गेल्या, गुरे चाऱ्यावाचून सोडून दिली. माणसे खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली आणि मिलोच्या लाल ज्वारीवर दिवस काढू लागली. मी तेव्हा बाविशीचा, नुकता कीर्तनाला उभा राहू लागलेला. शेजारच्या गावचा एक शेतकरी ही सायकल घेऊन माझ्या दारी आला. त्याच्या वडिलांनी ती हैदराबादेहून घेतली होती, हाली शिक्क्याच्या रुपयांत. सात हाली म्हणजे सहा कलदार, असा तो काळ. तो म्हणाला, "महाराज, तुम्हाला गावोगाव जावे लागते. घ्या. समजून द्या."

आता खरी गोष्ट ऐका. आदल्याच आठवड्यात मी अशाच सायकलीची चौकशी करून आलो होतो. माजलगावच्या बाजारात ती दुष्काळातही एकशे चाळीसला सहज जाईल, असे मला मिस्त्रीने सांगितले होते. मला ते ठाऊक होते, त्याला नव्हते. त्याच्या कमरेला धोतर फाटलेले होते, घरी पाच तोंडे होती, आणि माजलगावपर्यंत जाऊन गिऱ्हाईक शोधण्याइतका धीर त्याच्यात उरला नव्हता. मी म्हणालो, "सत्तर देतो." तो जरा थांबला. मग म्हणाला, "द्या." मी सत्तर रुपये मोजले आणि त्या रात्री मनात खूश झालो की निम्म्यात काम झाले. दुसऱ्या दिवशी त्याच सायकलीवर बसून दयाधर्मावर कीर्तन करायला गेलो.

मी काय केले होते? मी सायकलीची परीक्षा केली नाही. त्याच्या फाटक्या धोतराची आणि पाच तोंडांची परीक्षा केली. सायकलीचे मोल एकशे चाळीस, आणि त्याच्या गरजेने ते सत्तर केले. अधर्म येथे सुरू होतो.

आता पूर्वपक्ष ऐकू. मनानेच तो माझ्यापुढे मांडला. तू जबरदस्ती केली नाहीस, तो आपल्या पायांनी आला. त्याने "द्या" म्हटले, सौदा दोघांच्या संमतीचा. तू घेतली नसतीस तर आणखी कोणी पन्नासला घेतली असती. बाजार असाच चालतो. आणि पन्नास वर्षे झाली, तो माणूसही आता नाही.

याला उत्तर महाभारताच्या शांतिपर्वात आहे. जाजली नावाच्या तपस्व्याने एवढे तप केले की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला आपल्या तपाचा अभिमान झाला, तेव्हा धर्म शिकायला त्याला वाराणसीच्या तुलाधार नावाच्या दुकानदाराकडे जावे लागले. तुलाधाराचे तप कोणते? तागडी सर्वांसाठी सारखी धरणे. घेणारा राजा असो की रंक, ओळखीचा असो की परका, काटा हलत नाही. तपस्व्याने दुकानदाराकडे धर्म शिकावा, हा त्या कथेचा गाभा आहे.

तुलाधाराच्या तागडीवर माझा पूर्वपक्ष टिकत नाही. संमती खरी, पण ती भुकेने दिलेली. दुसरा पन्नासला घेईल म्हणून मी सत्तरला घेतली, तर मी त्या दुसऱ्याहून वीस रुपयांनी चांगला ठरतो, एवढेच. आणि सोपी कसोटी अशी: मी विकायला गेलो असतो आणि तो घेणारा असता, तर मी काय मागितले असते? एकशे चाळीस. घेताना एक भाव आणि विकताना दुसरा, याचा अर्थ तागडी हलली. किंमत सांगणे ही साक्ष आहे. ज्याला जास्त ठाऊक आहे, त्याच्यावर तिचा भार जास्त. कोर्टात साक्ष फिरवली तर आपण त्याला खोटा म्हणतो. दारात फिरवली तर हुशार म्हणतो.

मग माझे देणे किती? नातवाने हिशेब केला, "तेव्हाचे सत्तर कमी दिले, सत्तर परत द्या." पण दुष्काळातले सत्तर आणि आजचे सत्तर एक नव्हेत, हे त्यालाही कळत होते. व्याज लावावे तर कोणत्या दराने? शेवटी मला असे सुचले. सायकल एकशे चाळीसची आणि मी सत्तर दिले, म्हणजे मी अर्धीच सायकल विकत घेतली. उरलेली अर्धी मी कधी घेतलीच नव्हती, फक्त वापरली. पुढे भाव वाढला तो काळामुळे आणि वस्तू दुर्मीळ झाल्यामुळे. त्यात कोणाचा दोष नाही. पण तो अर्ध्या सायकलीवर माझ्यासाठी वाढला आणि अर्ध्यावर त्याच्यासाठी. अठरा हजारांतले नऊ हजार त्याच्या घराचे.

येथे तुकोबारायांची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. वडिलांच्या सावकारीची कर्जखते त्यांच्या वाट्याला आली. 1630 चा तो भयंकर दुष्काळ त्यांनी सोसला होता, घरची माणसे गेली होती. पुढे त्यांनी ती खते इंद्रायणीत सोडली. पण सगळी नव्हेत. कान्होबांचा अर्धा वाटा त्यांनी वेगळा काढून दिला आणि फक्त आपला अर्धा बुडवला, असे चरित्रकार सांगतात. वैराग्याच्या भरातही दुसऱ्याच्या अर्ध्याला त्यांनी हात लावला नाही. आणि मी काय केले? दुष्काळ सोसलेल्या सावकाराने लोकांचे देणे सोडले, आणि दुष्काळातल्या कीर्तनकाराने लोकांची अर्धी सायकल ठेवून घेतली. एवढी वर्षे मी हे चरित्र सांगत आलो, श्रोत्यांना रडवत आलो, आणि माझ्या छपराखाली काय उभे आहे ते मला दिसले नाही.

त्या शेतकऱ्याचा मुलगा आज साठीचा आहे. वर्षानुवर्षे ऊसतोडीला जाऊन त्याची पाठ वाकली आहे. मी त्याच्या घरी गेलो, सगळे सांगितले आणि नऊ हजार पुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "महाराज, त्या सत्तर रुपयांत आम्ही पाच जण जगलो. बाबा मरेपर्यंत तुमचे नाव काढायचे. आता हे काय घेऊन आलात?"

सज्जनहो, आरोप केला असता तर सोसला असता. हे सोसवेना. क्षणभर मन म्हणाले, बघ, त्यांचा राग नाही, झाले. पण त्यांची कृतज्ञता हा त्यांचा मोठेपणा आहे. तिने माझे खाते बेबाक होत नाही. मी म्हणालो, "बाबांनी नाव काढले ते त्यांना एकशे चाळीस ठाऊक नव्हते म्हणून. मला ठाऊक होते."

तो म्हणाला, "मग असे करा, दिंडीच्या पंगतीला द्या. पुण्य दोघांना."

फार गोड वाट होती ती. पण मी मान हलवली. देण्याला दान म्हणता येत नाही. ज्याचे आहे त्याला न देता देवाला दिले, तर दान दुसऱ्याच्या पैशाने झाले आणि नाव मात्र आपले झाले. पांडुरंगाला असे अन्न पोचत असेल असे मला वाटत नाही. मी म्हणालो, "हे तुझ्या हातात पडू दे. मग तू पंगत घाल, नाहीतर घरात ज्वारी भर. तो तुझा प्रश्न." त्याने पैसे घेतले, कपाळाला लावले आणि आत जाऊन चहा ठेवायला सांगितले.

त्याने पुढे त्यांचे काय केले, मी विचारले नाही. परत दिलेल्या पैशावर देणाऱ्याची नजर राहिली, तर ते परत दिलेले नसतात.

आपण सारे संसारी माणसे. बैल विकतो, जमीन घेतो, शेजाऱ्याचे जुने सामान घेतो. घेऊ नये, विकू नये, नफा करू नये, असे संतांनी सांगितले नाही. फक्त भाव ठरवताना क्षणभर थांबावे आणि स्वतःला विचारावे: मी या वस्तूकडे पाहतो आहे की या माणसाच्या अडचणीकडे? आणि आपल्याही छपराखाली एखादी अर्धी वस्तू उभी असेल, तर ज्याची आहे त्याच्या घराकडे जावे. माझी पन्नास वर्षे गेली. आपली जाऊ नयेत.

राम कृष्ण हरी.