तुमच्यावर सोपवले

लग्नाच्या वाढदिवशी आम्ही उभयता मुंबईच्या एका हॉटेलात गेलो. तेथे पदार्थांची यादी मिळत नाही; आचारी पाठवील ते एकेक बशीतून मुकाट्याने खायचे. जपानी लोक या रीतीला ‘ओमाकासे’ म्हणतात. ‘तुमच्यावर सोपवले’ असा त्याचा अर्थ.

निवडीचा हक्क पैसे मोजून सोडून द्यायचा, याचे मला हसू आले. माणसाला स्वातंत्र्याची एवढी हौस, मग हा आनंद कशाचा? मी तसे म्हणताच ही म्हणाली, “अहो, तुम्ही तर रोजच असे जेवता!”

खरेच होते. वीस वर्षे ताटावर बसताना मी ‘आज काय?’ एवढेच विचारीत आलो. तेवढ्यात पुढची बशी आली. ही ती कुतूहलाने न्याहाळू लागली, आणि मला उमगले: ताटात काय येणार हे ठाऊक नसताना ही लग्नानंतर प्रथमच जेवत होती.

दुसऱ्यावर निर्धास्तपणे विसंबणे हे सुख खरे. पण ते नेहमी एकाने भोगावे आणि दुसऱ्याने पुरवावे, याला विश्वास म्हणावे की नुसती सवय?

या दिवाळीत एका दिवसाचा स्वयंपाक मी मागून घेतला आहे. काय करणार, ते हिला सांगितलेले नाही. खरे म्हणजे, मलाही अजून ठाऊक नाही.