समोरची जागा

मावळात डोंगराच्या सोंडेवर एक लहानशी वाडी होती. पिठाची गिरणी तिथं अजून पोचली नव्हती. वाडीतले पुष्कळ पुरुष मुंबईला कापडगिरण्यांत कामाला असत, शिमग्याला आणि गौरी-गणपतीला घरी येत. एरवी घर बायकांच्याच अंगावर. अशा एका घरात तिघीजणी होत्या: आजेसासू, सासू आणि सून.

सुनेचं पहिलं मूल मुलगी होती. सव्वा वर्षाची झाली आणि श्रावणात तिला ताप भरला. ओढ्याला पूर आलेला, पलीकडं दवाखान्यात नेता आलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. मुंबईला तार पोचून बाप घरी येईपर्यंत माती देऊन झाली होती.

सून रडली नाही. तिनं पाणी भरलं, भात लावला, भाकऱ्या थापल्या. बोलणं मात्र आटलं. दिवाळी आली तरी ती 'हो' आणि 'न्हाई' यापुढं गेली नव्हती. घरच्यांनी आपापल्या परीनं केलं. सासूनं मुलीची कुंची, झबली, पाळण्याची दोरी एका पेटीत भरली, पेटी माळ्यावर टाकली आणि तिचं नाव घरात कुणी काढायचं नाही म्हणून बजावलं. भगताकडून अंगारा आणला. शेजारणी येऊन सांगून गेल्या, "तरणी हाईस, दुसरं हुईल." सासू वाईट नव्हती. डोळ्यांआड झालं की मनाआडही होईल, अशी तिची खरोखरच समजूत होती.

आजेसासू यातलं काहीच बोलली नाही. एका पहाटे तिनं सुनेला हलवून उठवलं.

"चल, दळाय बस."

त्या घरात दळण दोघी सासवा मिळून दळत. म्हातारीनं सुपात नाचणी घेतली, जात्याच्या तोंडात मूठभर वैरण घातली आणि सुनेला समोरची जागा दाखवली.

"मला गानं येत न्हाई," सून म्हणाली.

"तुला कुनी गा म्हनलं? खुंटा धर."

जातं फिरू लागलं. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एकीनं ओढायचं, दुसरीनं परतवायचं. घरात अंधार, चुलीत राखेखाली थोडा विस्तव. समोरासमोर बसूनही एकमेकींचं तोंड दिसत नव्हतं. दुःखातल्या माणसाला याचा केवढा आधार असतो! समोर कुणीतरी आहे, पण ते आपल्याकडं टक लावून बघत नाही.

म्हातारीचा गळा चिरका होता. तिनं रीतीप्रमाणं पहिल्या ओव्या देवाला घातल्या, मग आईबापाला, मग भावाला. त्यानंतर सीतेचा वनवास सुरू केला. जात्यावरच्या ओव्या मावळातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या अशाच गायल्या आहेत. दोनच ओळींची ओवी, पण ती घाईनं संपवायची नसते. अर्धी ओळ पुन्हा घोळवायची, मध्ये 'बाई' म्हणायचं, 'गं' लावायचं. तेवढ्या वेळात पुढचा शब्द सुचतो, आणि नाहीच सुचला तर जातं फिरतच असतं, त्याची घरघर ती जागा भरून काढते. चुकलं म्हणून कुणी टोकत नाही. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण आपण सहज म्हणून जातो. आधी सुचायची वाट बघत बसू नका, आधी बसा, असा तिचा अर्थ आहे. मन मोकळं करायला आधी मनाची तयारी हवी असं मानणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात घ्यावी.

बरेच दिवस सून नुसती खुंटा ओढत राहिली. मग एका पहाटे म्हातारीच्या ओवीत सीता मागं पडली आणि दोन लहान पोरं आली. १९१८ च्या मानमोडीच्या साथीत एकाच आठवड्यात गेलेली, म्हातारीची स्वतःची. सुनेला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिचा हात थांबला.

"तुमची, आज्जी?"

"थांबू नगंस. पीठ भरड पडतंय."

त्यानंतर सून गुणगुणायला लागली. आधी म्हातारीच्या मागून, मग कधी दुसरी ओळ आपली आपण. ती सीतेचंच गात होती. रानात बाळंत झालेली सीता, तिच्या लेकरांना पाळणा नाही, पानांची शेज. आपलं दुःख आधी सीतेच्या तोंडी घालायचं, ही वाट कितीतरी बायकांनी धरलेली आहे, कारण 'मी' म्हणून सुरुवात केली तर तिथंच कंठ दाटतो. सीतेच्या नावानं चार पावलं तरी जाता येतं. तशीच ती चालत गेली. सीतेच्या पाळण्यावरून तिच्या स्वतःच्या घरातल्या पाळण्यापाशी आली आणि एका पहाटे दुसऱ्या ओळीत तिनं आपल्या मुलीचं नाव घातलं.

गळा भरून आला. 'बाई गं' दोनदा रिकामंच गेलं. तेव्हा म्हातारीनं तीच ओळ उचलली आणि जशीच्या तशी, नावासकट, पुन्हा म्हटली. सुनेच्या डोळ्यांतून धार लागली. जातं थांबलं नाही.

कुडापलीकडं सासू जागीच होती.

दुसऱ्या पहाटे ती उठून जात्यापाशी आली. "सरका आत्याबाई, तुमचा खांदा दुखतोय," असं म्हणून ती सुनेसमोर बसली. त्या दिवशी दोघी काहीच गायल्या नाहीत. दळण संपलं, पीठ भरून झालं. मग सासूनं शिडी लावली, माळ्यावरून ती पेटी खाली काढली आणि कुंची झटकून उन्हात टाकली.

पुढं एकदा सून म्हातारीला म्हणाली, "गाऊन ती माघारी येत न्हाई, आज्जी."

"न्हाईच येत. पर दुखाला घरात एक जागा द्यावी लागती, पोरी. न्हाई दिली तर ते सगळ्या घरभर फिरतं."

या गोष्टीचा बोध एवढाच आहे आणि तो म्हातारीनं सांगितला तितका साधा आहे. गाणं, चित्र, माती, वीण, जे हाताला येईल त्यातून दुःखाला जागा करून देता येते. त्यासाठी गळा गोड लागत नाही की हात सराईत असावा लागत नाही. समोर बसणारं एक माणूस मात्र लागतं.

गोष्ट इथं थांबत नाही. सून गात गेली तशी तिच्या ओव्यांत मुंबईचा नवरा आला, भाताची लावणी आली, सासूही आली. पहिल्यांदा रागानं, नंतर मायेनं. वाडीतल्या बायका तिच्याकडं दळायला येऊन बसू लागल्या. कुणाला दारुड्या नवऱ्याचं होतं, कुणाला पोर होत नव्हतं. "आमाला शिकीव," असं कुणी म्हणालं की ती सूप पुढं सरकवायची.

तिचा गळा खरोखरच गोड निघाला, म्हणून एका सप्त्यात गावकऱ्यांनी तिला लाउडस्पीकरपुढं उभं केलं. लेकीची ओवी म्हण, असा आग्रह झाला. तिनं विठ्ठलाच्या म्हटल्या, जनीच्या म्हटल्या, लेकीची म्हटली नाही. मला वाटतं, तिनं फार मोलाचं काहीतरी राखलं. काही ओव्या ऐकवायच्या असतात आणि काही फक्त दळायच्या असतात. गाण्याला लोकांपुढं यायची घाई नसते. बहिणाबाई चौधरींनी आयुष्यभर शेतात, चुलीपाशी, जात्यावर गाणी रचली. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. लेकानं ती गाणी उतरून घेतली आणि १९५१ मध्ये त्या वारल्यानंतर, १९५२ मध्ये, त्यांचं पुस्तक झालं. आज मन हलकं व्हावं म्हणून कुणी ब्रश हातात घेतो आणि पहिल्याच दिवशी आजूबाजूचे विचारतात, "बघू, कसं झालंय?" हा प्रश्न प्रेमानं विचारलेला असला तरी तो नुकत्याच उघडलेल्या दारावर पडलेला हात आहे. दार पुन्हा लागतं.

मग वाडीच्या खाली गिरणी आली. बरंच झालं. दळणानं बायकांचे खांदे मोडत होते, पहाटेची झोप जात होती, त्या कष्टांसाठी कुणी हळहळू नये. पण कष्टांबरोबर ती अंधारातली जागाही गेली. तिच्या बदली दुसरी जागा द्यावी, हे कुणाला सुचलं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुढं गावोगावच्या बायकांच्या साथीनं १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा कुठं कळलं की त्या अंधारात केवढं बोललं गेलं होतं.

सून आता स्वतः आजी झाली होती. नंतर झालेल्या लेकीचं घर पुण्याला. जावई अचानक गेला आणि आठवीतल्या नातीनं शाळा सोडली, जेवण सोडलं, बोलणं सोडलं. वहीच्या मागच्या पानांवर ती पेनानं गिरगटत बसायची, पान फाटेपर्यंत. लेक हवालदिल झाली. "आई, तूच विचार तिला, काय काढतेस म्हणून. सगळी वही काळी करून ठेवलीय."

"न्हाई विचारत," आजी म्हणाली. "मला बी येक कागद दे."

ती नातीसमोर फरशीवर बसली. आयुष्यात तिनं सहीपुरतंच पेन धरलं होतं. तिनं एक वाकडा गोल काढला, त्याच्यावर दुसरा, मग आणखी एक. तासभर दोघी आपापलं काढत राहिल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी नातीनं आपली वही थोडी पुढं सरकवली. पानाच्या कोपऱ्यात एक स्कूटर होती, तिच्यावर कुणी बसलेलं नव्हतं.

"बाबांची," ती म्हणाली.

आजीनं आपल्या कागदावर तशीच स्कूटर काढायला घेतली. चाकं अंड्यासारखी झाली. नात जवळ सरकली आणि चाक कसं काढायचं ते दाखवू लागली.

लेक दारात उभी राहून बघत होती. संध्याकाळी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी दोन वह्या आणल्या. एक मुलीला दिली. दुसरी उघडून ती स्वयंपाकघरात बसली आणि नवऱ्याला सांगायचं राहून गेलेलं लिहायला लागली. पहिलं पान दूधवाल्याच्या हिशेबानंच भरलं, तरी ती लिहीत राहिली.